संगणकाची वही मंद का लिहिते?

व्यापाराचे भांडवल दोन प्रकारचे असते. एक तिजोरीत दिसते आणि दुसरे वहीत असते. तिजोरीतील भांडवल गेले तरी पुन्हा उभे करता येते. परंतु ज्याच्या वहीवरचा विश्वास उडाला, त्याला बाजारात उभे राहण्यास जागा उरत नाही. म्हणूनच आपल्या समाजात दीपावलीच्या दिवशी, म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या त्या पुण्यदिनी, नव्या वह्यांचे पूजन करण्याची प्रथा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आज कित्येक पेढ्यांवर पूजेच्या पाटावर लाल वहीच्या शेजारी संगणकही ठेवला जातो. वहीचे रूप पालटले. तिचे काम मात्र तेच राहिले.

या नव्या वहीविषयी व्यापारीवर्गाची एक तक्रार अलीकडे सर्वत्र ऐकू येते. जुने बिल शोधावयाचे असले तर क्षणात सापडते. परंतु नवे बिल जतन करावयाचे झाले की पडदा थबकतो. दुपारी फारसा त्रास जाणवत नाही. सणासुदीच्या दिवसांत, दुकानात गिऱ्हाइकांची दाटी झाली असता, नेमक्या त्याच वेळी प्रत्येक बिलाला पाच-दहा सेकंद लागू लागतात. मग कोणी नवा संगणक घ्या म्हणतो, कोणी स्मृती वाढवा म्हणतो, आणि कोणी असा एक झटपट उपाय सुचवितो की ज्याने वेग तर वाढतो, पण वहीचा खरेपणाच धोक्यात येतो. या तिसऱ्या उपायाची ओळख वाचकांस करून द्यावी आणि तो टाळूनही मंदपणा कसा घालविता येतो हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कीर्द आणि खतावणी

आजचे बहुतेक हिशेबी कार्यक्रम ज्या पायावर उभे आहेत, त्यास 'रिलेशनल डेटाबेस' म्हणतात. इ. स. १९७० मध्ये आय. बी. एम. कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी एका निबंधात ही कल्पना मांडली. सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, कोष्टकांचा परस्परसंबंध त्यांतील मूल्यांवरूनच जुळावा, आणि माहिती चकतीवर नेमकी कोठे आहे याची चिंता वापरणाऱ्यास नसावी, हे तिचे सार होय. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर ही याच कुळातील नावे.

हे डेटाबेस लिहितात कसे, हे समजण्यास आपल्या लोकांना परदेशी दाखल्याची गरज नाही. जुना दिवाणजी व्यवहार होताच तो प्रथम कीर्दीत उतरवीत असे. कीर्द ही दिवसाच्या क्रमाने चालते. लेखणी शेवटच्या ओळीवर असते, पाने उलटावी लागत नाहीत, म्हणून तेथे लिहिणे भराभर होते. खतावणी मात्र खातेवार असते. प्रत्येक रकमेसाठी त्या त्या आसामीचे पान काढावे लागते. म्हणून खतवणी सवडीने करावयाची, पण कीर्द ताबडतोब, हा दंडक होता. मध्येच खतावणी पाण्यात भिजली तरी कीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येत असे.

डेटाबेसही हेच करतो. त्याच्या कीर्दीस 'राइट-अहेड लॉग', म्हणजे आगाऊ नोंदवही, असे नाव आहे. बदल प्रथम या नोंदवहीत लिहून चकतीवर पक्का केला जातो आणि मगच 'जतन झाले' असे उत्तर मिळते. कोष्टकांची पाने, म्हणजे खतावणी, तूर्त संगणकाच्या स्मृतीतच बदललेली असतात; ती पुढे सवडीने चकतीवर उतरतात. मध्येच वीज गेली तर संगणक पुन्हा सुरू होताना नोंदवही वाचतो आणि खतावणी पुरी करून घेतो. या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध शास्त्रीय विवरण आय. बी. एम.च्या संशोधन-शाळेत काम करणारे भारतीय वंशाचे संशोधक सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. 'एरीज' या नावाने ते ओळखले जाते.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. वाचणे आणि लिहिणे यांचा वेग सारखा नसतो. वाचावयाची पाने बहुधा स्मृतीतच असतात. लिहिण्याला मात्र चकतीची साक्ष लागते, आणि ती साक्ष मिळेपर्यंत थांबणे भाग असते. तेव्हा थोडा वेळ लागणे हा दोष नव्हे. तो वेळ कारणाविना किती लागतो, एवढेच पाहावयाचे.

आधी निदान, मग औषध

वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. येथे मात्र बहुधा उलटे घडते. यंत्र विकत घेतले जाते आणि दुखणे तसेच राहते. बिल जतन होण्यास लागणारा काळ चार ठिकाणी खर्च होऊ शकतो: दुकानातील संगणक आणि मुख्य यंत्र यांच्यामधील येरझाऱ्यांत, दुसऱ्या कोणाच्या कुलपापाशी खोळंबून, सूची व तपासण्या यांच्या कामात, किंवा चकतीपाशी वाट पाहण्यात. यांपैकी कोठे किती काळ जातो हे ठरविल्यावाचून कोणताही उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड होय.

तपासणीची साधने डेटाबेसमध्येच असतात. ठराविक काळाहून अधिक वेळ घेणारी प्रत्येक आज्ञा टिपून ठेवण्याची सोय पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोहोंत आहे. पोस्टग्रेसमध्ये 'पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी' नावाच्या कोष्टकात या क्षणी कोण काय करीत आहे व कशासाठी थांबला आहे हे दिसते. 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' या आज्ञेने लिहिण्याच्या कामाचे पृथक्करण होऊन कोणत्या तपासणीस किती मिलिसेकंद लागले तेही कळते. मात्र ही आज्ञा काम खरोखरच करून पाहते, म्हणून ती नेहमी रद्द करावयाच्या व्यवहारात चालवावी. मंदपणा सतत आहे की काही मिनिटांच्या अंतराने येतो, सर्व बिलांना आहे की काहींनाच, एकटा माणूस बसला असतानाही आहे की गर्दीतच, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढली तरी निम्मे निदान झाले असे समजावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकदम केले तर गुण कोणत्या औषधाचा हे कळत नाही.

ओळीओळीला मोहोर

पहिले आणि अगदी नेहमी आढळणारे कारण म्हणजे प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे पक्की करणे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी साधी चुंबकीय चकती सेकंदाला १२० फेरे घेते. नोंदवहीतील प्रत्येक पक्क्या नोंदीस ढोबळ मानाने एका फेऱ्याची वाट पाहावी लागते असे धरले, तर एका जागेवरून सेकंदाला १२० च्या आसपासच पक्क्या नोंदी होतील. आता वर्षारंभी ५०,००० नगांचा मालसाठा भरावयाचा आहे असे समजू. एकेक नग स्वतंत्र व्यवहार म्हणून पक्का केला तर केवळ या वाट पाहण्यातच सुमारे ४१७ सेकंद, म्हणजे जवळजवळ सात मिनिटे जातील. तेच हजार-हजार नगांचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्यास एकदाच मोहोर लावली तर मोहोरी ५० च होतात आणि ती वाट अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. नव्या प्रकारच्या, फिरता भाग नसलेल्या चकत्या याहून पुष्कळच वेगवान असतात, तथापि हे प्रमाण तेथेही लागू पडते. मुख्य यंत्र दूरच्या शहरात असेल, तर प्रत्येक ओळीमागे तेथपर्यंतच्या येरझाऱ्याचा काळ आणखी वाढतो.

येथे वेगाहून मोठी एक गोष्ट आहे. चाळीस ओळींचे बिल ओळीओळीने पक्के होत असेल आणि विसाव्या ओळीनंतर वीज गेली, तर वहीत अर्धे बिल राहते. माल अर्धा वजा झालेला आणि रक्कम मात्र कोठेच नाही, अशी स्थिती होते. संपूर्ण बिल हा एकच व्यवहार होय. तो पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच होऊ नये, हा डेटाबेसशास्त्राचा पहिला नियम आहे. तेव्हा बिलाला एकच मोहोर लावणे हे वेगाच्या दृष्टीने हितकारक आणि हिशेबाच्या दृष्टीने आवश्यक, असे दुहेरी फळ देणारे आहे.

सूचींचा भार

दुसरे कारण सूचींचे. पुस्तकाच्या शेवटी जशी नामसूची असते, तशी डेटाबेसमध्ये प्रत्येक कोष्टकाला एक किंवा अनेक सूची जोडता येतात. त्यांची आजची रचना, जिला 'बी-ट्री' म्हणतात, ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकराइट यांनी १९७० च्या सुमारास बोइंग कंपनीत असताना सिद्ध केली. सूचीमुळे शोधणे सोपे होते. परंतु कोष्टकात एक ओळ वाढली की प्रत्येक सूचीतही नोंद करावी लागते. एखादा अहवाल मंद चालला म्हणून कोणी एक सूची जोडतो, पुढल्या वर्षी दुसरा आणखी एक जोडतो, आणि पाहता पाहता बिलाच्या कोष्टकाला दहा सूची होतात. मग दिवाणजीने एक रक्कम दहा वह्यांत उतरवावी तसे होते. कोणती सूची किती वेळा वापरली गेली याची मोजदाद पोस्टग्रेस स्वतः ठेवतो. वर्षअखेरचे अहवाल धरून पुरेसा काळ जाऊ द्यावा आणि मगच निरुपयोगी सूची काढाव्यात. मात्र बिलक्रमांक दुबार होऊ न देणारी सूची वेगासाठी कधीही काढू नये. ती सूची नसून पहारेकरी आहे.

सूचींविषयी आणखी तीन सूक्ष्म गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ओळखक्रमांक जर यदृच्छेने बनविलेले लांबलचक आकडे असतील, तर प्रत्येक नवी नोंद सूचीच्या भलत्याच पानावर जाऊन पडते आणि सूची मोठी झाल्यावर ती पाने स्मृतीत मावत नाहीत. कालक्रमाने वाढणारे क्रमांक घेतले तर लेखणी शेवटच्या पानावरच राहते. अशा कालक्रमी ओळखक्रमांकाची 'आवृत्ती ७' मे २०२४ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आहे.

दुसरी गोष्ट पोस्टग्रेसपुरती आहे. तेथे ओळ बदलली की जुनी प्रत ठेवून नवी लिहिली जाते. २००८ च्या ८.३ या आवृत्तीपासून अशी सोय आहे की, बदललेल्या रकान्यावर सूची नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर सूचींना हात न लावता काम भागते. शिल्लक मालाचा आकडा तर प्रत्येक विक्रीला बदलतो. त्या रकान्यावर सूची ठेवणे म्हणजे ही सवलत आपण होऊन गमावणे होय.

तिसरी गोष्ट पुसण्याविषयीची. एखादा नग किंवा आसामी पुसावयाची असेल तर तिच्या नावे एकही बिल नाही याची डेटाबेस खात्री करून घेतो. बिलाच्या कोष्टकात त्या रकान्यावर सूची नसेल, तर या खात्रीसाठी सारे कोष्टक वाचावे लागते. मायएसक्यूएलचा नेहमीचा 'इनोडीबी' विभाग ही सूची स्वतः तयार करतो. पोस्टग्रेस करीत नाही. म्हणजे सूची अधिक झाल्यानेही लिहिणे मंदावते आणि हवी ती नसल्यानेही मंदावते. यास्तव संख्या मोजून भागत नाही. प्रत्येकीचे प्रयोजन पाहावे लागते.

कुलपापाशी खोळंबा

एकटा माणूस असताना वेग चांगला आणि गर्दीत मात्र मंद, असे असेल तर कुलपांकडे पाहावे. एका ओळीत एक जण बदल करीत असता दुसऱ्याला त्याच ओळीसाठी थांबावे लागते. वहीचे पान एकाच्या हाती असेपर्यंत दुसऱ्याने लेखणी टेकू नये, असाच हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. प्रश्न उरतो तो पान किती वेळ अडवून ठेवावयाचे हा.

आपल्या व्यवसायात हे पान बहुधा बिलक्रमांकाचे असते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच्या नियमावलीतील ४६ व्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक अनुक्रमाने चालणारा, सोळा अक्षरांहून अधिक नसलेला आणि त्या आर्थिक वर्षात अद्वितीय असावा लागतो. डेटाबेसची तयार क्रमांकमाला वेगवान असते, परंतु एखादा व्यवहार रद्द झाला तर तिने दिलेला क्रमांक वाया जातो आणि अनुक्रमात खंड पडतो. म्हणून पुष्कळ कार्यक्रम 'शेवटचा क्रमांक' एका ओळीत ठेवतात व प्रत्येक बिल त्या ओळीस कुलूप घालते. बिल उघडतानाच जर हे कुलूप घातले आणि गिऱ्हाईक भाव करीत बसले, तर त्या एका बिलापायी साऱ्या दुकानाचे जतन थांबते.

यावर उपाय दोन. क्रमांक बिलाच्या आरंभी न घेता जतन करण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर घ्यावा, म्हणजे कुलूप क्षणभरच राहते. दुसरे असे की, वरील नियम एकाहून अधिक मालिकांना मुभा देतो. तेव्हा आपल्या करसल्लागारास विचारून प्रत्येक गल्ल्यास स्वतंत्र अक्षराची मालिका द्यावी. सहा गल्ल्यांची सहा पाने झाली की खोळंबा आपोआप ओसरतो.

मालाच्या शिलकेवरही असाच प्रसंग येतो. एक गल्ला आधी साखर आणि मग गूळ वजा करतो, दुसरा आधी गूळ आणि मग साखर. दोघेही एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसतात. डेटाबेस ही कोंडी ओळखून एकाचा व्यवहार रद्द करतो. सर्व गल्ल्यांनी माल एकाच ठरलेल्या क्रमाने वजा केला तर ही कोंडी होतच नाही.

याखेरीज एक छुपा अपराधी असतो: उघडून तसाच सोडून दिलेला व्यवहार. कोणी दुरुस्तीसाठी पडदा उघडतो आणि जेवावयास जातो. त्याची कुलपे तशीच राहतात. पोस्टग्रेसमध्ये तर जुन्या प्रतींची झाडलोटही अशा व्यवहारामुळे अडून राहते, कोष्टके फुगतात आणि उद्याचे कामही मंदावते. असा निष्क्रिय व्यवहार ठराविक काळानंतर आपोआप तोडण्याची सोय डेटाबेसमध्ये आहे; ती चालू करून घ्यावी.

बदलांच्या इतिहासाचे लेखनही काही वेळ घेते. ज्या पेढ्या कंपनी म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांच्या हिशेबी कार्यक्रमात प्रत्येक बदलाचा माग ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले आहे आणि तो बंद करता येता कामा नये असेही नियमात आहे. वेगासाठी हा माग काढून टाका असे कोणी म्हणाल्यास त्याचे ऐकू नये. मागाच्या कोष्टकावर सूची कमीत कमी ठेवाव्यात आणि जे खरोखर बदलले तेवढेच त्यात उतरवावे, म्हणजे भार सोसण्याजोगा राहतो.

ठरावीक अंतराने येणारा झटका

दर काही मिनिटांनी सर्वच काम एकदम अडखळत असेल, तर खतवणीच्या वेळेकडे लक्ष द्यावे. स्मृतीत साठलेली बदललेली पाने डेटाबेस अधूनमधून चकतीवर उतरवून घेतो. त्या क्षणास 'चेकपॉइंट' म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये हा क्षण मूळ मांडणीप्रमाणे पाच मिनिटांनी, किंवा नोंदवही सुमारे एक गिगाबाइट भरत आली की त्याआधीच येतो. सणाच्या गर्दीत किंवा मोठी भरती चालू असता नोंदवही लवकर भरते आणि चेकपॉइंट वारंवार होऊ लागतात. त्यातच भर म्हणजे प्रत्येक चेकपॉइंटनंतर जे पान प्रथम बदलते, ते आठ किलोबाइटचे पूर्ण पानच नोंदवहीत उतरवावे लागते. म्हणजे चेकपॉइंट जितके वारंवार, तितकी नोंदवही अधिक फुगते आणि नोंदवही फुगली की चेकपॉइंट आणखी लवकर येतो. नोंदवहीची मर्यादा वाढविली की हे चक्र तुटते. त्याची किंमत एवढीच की, यंत्र अकस्मात बंद पडल्यास पुन्हा उभे राहण्यास काही अधिक वेळ लागतो. बहुतेक दुकानांना हा सौदा परवडतो.

चकतीची दुखणी

एवढे सर्व पाहूनही वाट पाहणे चकतीपाशीच होत असेल, तर चकतीची तपासणी करावी. अनेक चकत्या एकत्र जोडून 'रेड ५' पद्धतीने वापरल्यास एक छोटी नोंद लिहिण्यास दोन वेळा वाचावे आणि दोन वेळा लिहावे लागते. साठवणुकीस ही पद्धत काटकसरीची असली तरी सतत लिहिणाऱ्या डेटाबेसला मानवत नाही. काही यंत्रांत चकत्यांच्या नियंत्रकास स्वतःची स्मृती व तिच्या रक्षणासाठी लहानशी बॅटरी असते. बॅटरी जीर्ण झाली की नियंत्रक त्या स्मृतीवर विसंबणे सोडून देतो आणि काल वेगवान असलेले यंत्र आज एकाएकी मंदावते. कार्यक्रमात काहीही बदल नसता असे झाले, तर प्रथम ही बॅटरी पाहावी. फिरता भाग नसलेल्या चकत्या काठोकाठ भरल्या असतील तरीही लिहिणे मंदावते. विषाणुरोधक कार्यक्रम डेटाबेसच्या फायली पुन्हा पुन्हा तपासत असेल, किंवा राखीव प्रत काढण्याचे काम ऐन गर्दीच्या वेळी सुरू होत असेल, तर चकती दोघांत वाटली जाते. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु या दुरुस्त करण्यास फारसा खर्च येत नाही, म्हणून यंत्र बदलण्याआधी त्या पाहून घ्याव्यात.

जो उपाय करू नये

आता आरंभी उल्लेखिलेल्या झटपट उपायाकडे वळू. डेटाबेसला असेही सांगता येते की, चकतीची साक्ष येण्याची वाट पाहू नको. आधीच 'जतन झाले' म्हणून सांगून टाक. असे केले की वेग एकदम वाढतो, तक्रार थांबते आणि दुरुस्ती करणाऱ्याची वाहवा होते. मात्र या उपायाच्या पायऱ्या आहेत आणि त्यांतील भेद प्रत्येक मालकाने जाणून घ्यावा.

पोस्टग्रेसमध्ये 'सिंक्रोनस कमिट' बंद केल्यास वीज जाण्यापूर्वीच्या शेवटच्या काही क्षणांतील नोंदी गमावू शकतात; मूळ मांडणीत हा काळ अधिकात अधिक सुमारे ०.६ सेकंद असतो. उरलेली वही मात्र सुसंगत राहते. मायएसक्यूएलमध्ये नोंदवहीच्या अशाच मांडणीचे १ हे मूल्य पूर्ण सुरक्षित असते. ० किंवा २ केल्यास सुमारे एका सेकंदाच्या नोंदी जाण्याचा धोका पत्करावा लागतो. पोस्टग्रेसची 'एफसिंक' ही मांडणी बंद करणे मात्र सर्वस्वी निराळे आहे. तेथे वीज गेली किंवा यंत्र कोसळले तर काही नोंदी जाऊन भागत नाही. साऱ्या वहीची पाने परस्परविसंगत होऊ शकतात आणि राखीव प्रतीवाचून दुसरा आधार उरत नाही.

चकतीच्या साक्षीचे मोल किती, हे २०१८ मध्ये जगाला पुन्हा एकदा कळले. लिनक्स प्रणालीत चकतीवर लिहिणे एकदा फसल्यावर, दुसऱ्यांदा विचारले असता 'सर्व ठीक' असे उत्तर मिळू शकते, असे पोस्टग्रेस घडविणाऱ्यांच्या ध्यानात आले. तोवर अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करावा, असा त्यांचा रिवाज होता. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत त्यांनी तो सोडला. आता असे अपयश दिसताच डेटाबेस स्वतः होऊन थांबतो आणि नोंदवहीवरून पुन्हा उभा राहतो. खोटे 'ठीक आहे' म्हणण्यापेक्षा काम थांबविणे पत्करावे, असा हा निर्णय होता.

आपल्या धर्मशास्त्राला ही भूमिका परकी नाही. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आणि 'न्यासापहार' यांची गणना तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात केली आहे. खोटा लेख करणे आणि दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे, हे ते दोन दोष. यंत्राची मांडणी बदलणाऱ्याच्या मनात कपट नसते, हे खरे. तथापि, ज्या गिऱ्हाइकाचे पैसे गल्ल्यात आले आणि ज्याची नोंद विजेबरोबर गेली, त्याच्या घरी पुन्हा तगादा गेला तर त्याला आपला निरपराधीपणा कसा पटावा? उधारीची वही ही एका दृष्टीने दुसऱ्यांची ठेवच आहे. तिच्यावर 'जमा' असे उमटल्यावर ती जमा खरोखर टिकलीच पाहिजे.

अर्थात वरील सवलतींना कोठेच स्थान नाही असे नव्हे. मूळ कागद किंवा फाइल हाताशी असता नव्या यंत्रात एकदाच भरती करावयाची आहे आणि बिघडल्यास ती पुन्हा करता येते, अशा वेळी साक्षीची अट सैल करून काम उरकावे आणि लगेच पूर्ववत करावी. अहवालासाठी केलेली तात्पुरती कोष्टकेही अशीच होत. पैशाच्या जमाखर्चाला मात्र हा न्याय लावू नये; आणि लावावयाचाच झाला तर तो निर्णय मालकाने समजून उमजून घ्यावा, कारागिराने परस्पर घेऊ नये.

मालकाने काय विचारावे

व्यापाऱ्याने स्वतः या शास्त्रात पारंगत व्हावे अशी अपेक्षा नाही. चरखीचा सुतार आपण नसलो तरी तूळ खरी आहे की नाही हे आपण पाहतोच. तसे कार्यक्रम देणाऱ्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. एक बिल हा एकच व्यवहार म्हणून जतन होतो का? बिलक्रमांक केव्हा घेतला जातो, आणि त्याचे कुलूप किती वेळ राहते? बिलाच्या कोष्टकावर किती सूची आहेत, व प्रत्येक कशासाठी आहे? साक्षीची मांडणी पूर्ण सुरक्षित आहे का, आणि कोणी बदलली असल्यास केव्हा व का? शेवटची राखीव प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून कधी पाहिली? ज्याला यांची सरळ उत्तरे देता येतात, त्याच्या हाती वही द्यावी.

तपासणीचा दिवसही नीट निवडावा. दीपावलीच्या ऐन गर्दीत कोणताही बदल करू नये. पर्युषणापूर्वीच्या निवांत दिवसांत जुन्या यंत्रावर वहीची प्रत उतरवावी, सहा माणसे बसवून खोटी बिले भराभर करून पाहावीत, आणि त्या चालू कामातच यंत्राची वीज काढून घ्यावी. पुन्हा सुरू केल्यावर 'जतन झाले' असे ज्या ज्या बिलांना उत्तर मिळाले होते, ती सर्व वहीत सापडली पाहिजेत. एकही कमी भरले तर वेग कितीही असो, ती वही आपल्या पेढीच्या कामाची नाही. सर्व सापडली, तेरीज जुळली, आणि बिल एका सेकंदाच्या आत जतन होऊ लागले, म्हणजे नव्या वर्षाच्या पूजनासाठी तो संगणक निःशंक मनाने पाटावर ठेवावा.